परवानगी नाही, हे न सांगणारा प्रोग्रॅम

आई सोलापुरात विड्या वळायची. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा त्यातल्या मूठभर बाजूला काढायचा, छाट म्हणायचा आणि टाकून द्यायचा. का टाकल्या ते सांगायचा नाही. आई विचारायची नाही, कारण विचारणारीला दुसऱ्या दिवशी पानं वाईट मिळायची. वडील यंत्रमागावर होते, माग बंद पडल्यावर घरी बसले ते बसलेच. भावानं दहावीनंतर शाळा सोडली. मी इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार.

नोकरी लागली बेंगळुरूत, महादेवपुऱ्यात. दुकानांसाठी बिलाचा प्रोग्रॅम विकणारी लहान कंपनी. मी सपोर्टला, म्हणजे तक्रार घ्यायची, चूक शोधायची, तक्रार बंद करायची. प्रोबेशनवर होते. कायम झाले नाही तर परत सोलापूर, आणि तिथं माझ्या शिक्षणाला काम नव्हतं.

यशवंतपूरच्या घाऊक बाजारातल्या एका धान्य दुकानातून एकच तक्रार सारखी यायची: प्रोग्रॅम उघडतच नाही, नुसतं वर्तुळ फिरतं. तिथं बिलं करणाऱ्या बाई पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातल्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. मी फोन केला की त्या म्हणायच्या, "स्वल्प थांब हं," आणि मालकाला बोलवायच्या. मी इथून त्यांच्या संगणकात शिरून बघायचे. प्रोग्रॅम झटक्यात उघडायचा. बिल व्हायचं, छापलं जायचं. मी 'चालतंय' असं लिहून तक्रार बंद करायचे. आमच्याकडे सगळे असंच करायचे. दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन हजर.

"तू आलीस की चालतंय, गेलीस की बंद. तुझ्या अंगात देव येतो काय गं?"

मला हसू आलं नाही. टीम लीड मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, एक तक्रार पुन्हा पुन्हा उघडते म्हणजे काम कच्चं आहे. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागेना. आईचा फोन आला की सांगायचे, सगळं झकास. ठेवला की पीजीच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. वाटायचं, डिग्री मिळाली म्हणजे काम येतं असं थोडंच आहे.

शेवटी बस पकडून यशवंतपूरला गेले. अक्कांना म्हटलं, मी काही करत नाही, नुसती मागे बसते, तुम्ही रोजच्यासारखं करा. त्यांनी आपल्या खात्यातून संगणक उघडला, प्रोग्रॅम उघडला, आणि वर्तुळ फिरायला लागलं. फिरतच राहिलं. बाहेर हमाल पोती घेऊन बिलाची वाट बघत उभे. गल्ल्यावरून मालक ओरडला की अक्कांना दोन बोटं चालवणंही जिवावर येतं. अक्कांचे कान लाल झाले.

मग अक्कांना विचारत गेले तसं मला उमगलं. नोकर संगणकावर क्रिकेट बघतात म्हणून मालकानं दुकानातल्या खात्यांचं नेट बंद करून घेतलं होतं. आणि दुरून शिरायचं तर नेट लागतं, म्हणून मी फोन केला की तो स्वतःच्या खात्यातून संगणक उघडून द्यायचा. त्या खात्याला सगळ्याची परवानगी. म्हणजे अक्कांचं खातं मी आजवर कधी बघितलंच नव्हतं.

नेटची तार काढली तर आमचा प्रोग्रॅम मुकाट्यानं बिलं साठवून ठेवायचा, नेट आलं की आमच्या सर्व्हरला पाठवायचा. ते त्याला शिकवलेलं होतं. पण नेट आहे आणि तुला परवानगी नाही, असं उत्तर आलं की त्याला ते कळायचं नाही. तो पुन्हा विचारायचा. पुन्हा नाही. पुन्हा विचारायचा. तोवर बिलाची खिडकी उघडायची नाही.

ऑफिसात येऊन हे लीडला सांगितलं. तो म्हणाला, मालकाला परवानगी उघडायला सांग आणि तक्रार बंद कर. मालकाला विचारलं तर तो हिंदीत म्हणाला, नेट मी बंद केलंय, कबूल. पण तसं सांगायला तुमच्या प्रोग्रॅमला तोंड नाही का? परत लीडकडे गेले.

तो म्हणाला, "आमच्या सगळ्यांच्या मशीनवर चालतंय."

"तुमच्या सगळ्यांना सगळी परवानगी आहे म्हणून चालतंय. मी ही तक्रार बंद करणार नाही."

"प्रोबेशनवर आहेस, विसरू नकोस."

विसरले नव्हते. त्याच्याच संगणकावर एक मर्यादित खातं तयार करून द्या म्हटलं, त्याचं नेट बंद करा आणि प्रोग्रॅम उघडा. त्यानं केलं, बहुतेक मला गप्प करायला. वर्तुळ फिरू लागलं. तो चहा आणायला गेला, चहा पिऊन झाला, वर्तुळ फिरतच होतं. मग त्यानं कोड लिहिणाऱ्याला हाक मारली.

दुरुस्तीला बरेच आठवडे लागले. तेवढे दिवस अक्का हातानं बिलं लिहीत होत्या आणि बोलणी खात होत्या. मी फोन करून उशिराबद्दल सांगितलं की म्हणायच्या, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. त्या आवाजात विश्वास उरला नव्हता, आणि मी तरी तो कुठून आणू? दरम्यान माझं प्रोबेशन वाढवलं. शेरा असा: टीमशी जुळवून घेत नाही. तो वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुढची तक्रार उघडली.

आता मर्यादित खात्यातून प्रोग्रॅम उघडला की तो लगेच सांगतो: या खात्याला नेटची परवानगी नाही, बिलं इथेच साठवतो आहे. आणि बिलाची खिडकी उघडतो. प्रत्येक नवी आवृत्ती आधी अशा खात्यावर तपासायची, असा नियम झाला. ते तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. वाढवलेलं प्रोबेशन संपलं तेव्हा मला कायम केलं.