डोळा तेवढाच

ताईच्या लग्नात फोटो काढायला सिंदीहून जी बाई आली होती, तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. आर्वीच्या आमच्या मांडवात सगळे तिला नुसतं 'फोटोवाली' म्हणत. पदर कमरेला खोचलेला आणि हातात पंजात मावेल एवढा कॅमेरा. बिनआरशाचे हे कॅमेरे तेव्हा नुकतेच निघाले होते, आमच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

नवरदेवाचे मामा भडकले. "हे खेळणं काऊन आणलं? मोठा कॅमेरा येईस्तोवर पोरगा बोहल्यावर चढत नाई!"

बाबांचा चेहराच उतरला. बाई मात्र सरळ मामांसमोर गेली. धूळ जाऊ नये म्हणून खोचलेला पदर सोडून त्याचा आडोसा धरला, लेन्स काढली आणि आतला टपालाच्या तिकिटाएवढा चमकता सेन्सर दाखवला.

"मोठ्यातही एवढाच राह्यते, मामाजी. समोरचा आरसा काढला, म्हणून डबा लहान झाला. डोया तेवढाच हाय."

मग पिशवीतून आपला जुना, मोठा कॅमेरा काढून तिनं मामांच्या गळ्यात अडकवला. "हा तुमी मिरवा. फोटो माह्यावर सोडा."

मामा मिशीतल्या मिशीत हसले. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. प्रत्येक फोटोआधी बाई ओठ मिटून श्वास रोखायची.

तिनं मांडवातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात, बिनफ्लॅशचा काढलेला मामांचा फोटो आज त्यांच्या बैठकीत आहे. मिशीचा केस न् केस दिसतो. पाहुणे गळ्यातल्या मोठ्या कॅमेऱ्याचं कौतुक करतात, तेव्हा मामा काचेवर बोट आपटून सांगतात, "हा नुसता मिरवाले होता. फोटो ज्यानं काढला, तो पंजात मावते!"