माझ्यापुरतं बसवलेलं

किनाऱ्यावरच्या काही छोट्या दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम आम्ही दोघं करायचो. ऑफिस रेवसजवळ, दवाखाने पार श्रीवर्धन आणि तळा या गावांपर्यंत पसरलेले. माझे सहकारी साठीला आलेले, आखातात वीस वर्षं हेच काम करून परतलेले. मी त्यांना चाचा म्हणायची, ते मला मॅडम.

एकेका सर्व्हरवर तेच तेच करून मी कंटाळले होते. म्हणून ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर सॉफ्टवेअरचं एक साधन बसवलं. तिथून एक कमांड दिली की सगळे सर्व्हर ती पाळायचे. चाचांना कमांड कागदावर लिहून दिली आणि म्हटलं, आता तुम्हीपण इथूनच करत जा.

पुढच्या आठवड्यात आईचे डोळे दाखवायला मी तिला घेऊन मुंबईला निघाले. लाँच सुटते न सुटते तोच चाचांचा फोन. तळा गावच्या दवाखान्यातली पेशंटची नोंदणी बंद पडली होती, आणि कमांड दिली तर मशीन म्हणत होतं, अशी कमांडच नाही.

मी म्हटलं, स्पेलिंग बघा. त्यांनी बघितलं. पुन्हा टाइप करा म्हटलं, त्यांनी केलं. इंजिनाच्या घरघरीत मला अर्धं ऐकूच येत नव्हतं. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला.

"वीस वर्षं हेच केलंत ना, चाचा? एक ओळ नीट टाइप होत नाही?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. फोन ठेवून चाचा एसटी स्टँडवर गेले आणि दोन गाड्या बदलून तळा गावात पोचले. तोवर तिथली नर्स केसपेपर हातानं लिहीत होती. चाचांनी सर्व्हरसमोर बसून संध्याकाळपर्यंत काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी मी त्यांच्या लॉगिनमधून तीच कमांड दिली. तेच उत्तर. माझ्या लॉगिनमधून दिली, लगेच चालली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते साधन मी अख्ख्या मशीनसाठी बसवलंच नव्हतं, फक्त माझ्या खात्याच्या फोल्डरात बसवलं होतं. बाकी कुणासाठी ते नव्हतंच.

वाटलं, दहा मिनिटांचं काम. लिनक्सच्या स्वतःच्या प्रोग्राम-भांडारातून बसवलं, तर ते इतकं जुनं निघालं की माझ्या फायली त्याला कळेनात. ते काढून नवीन बसवायला गेले, तर मशीननं नकार दिला, सिस्टिमचे बाकी प्रोग्राम ज्यावर चालतात त्या पायथनला हात लावायचा नाही म्हणालं. मी हट्टानं जबरदस्तीचा पर्याय दिला. साधन बसलं, पण रोज बॅकअप घेणारा आमचा प्रोग्राम बंद पडला. तो दुरुस्त करण्यात दुपार गेली. चिडचिड स्वतःवरच होती, त्यामुळे कुणावर काढताही येईना.

शेवटी सगळं पुसलं. सिस्टिमपासून वेगळ्या, सामाईक फोल्डरात पायथनचं स्वतंत्र वातावरण करून त्यात साधन बसवलं आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी त्याची लिंक ठेवली. चाचांच्या लॉगिनमधून कमांड दिली, तर परवानगी नाही! फोल्डर वाचायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला राहिली होती. तीही सर्वांना दिली, आणि एकदाची कमांड चालली.

दिवसभर चाचा समोरच्या टेबलावर शांतपणे काम करत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"चाचा, चूक माझी होती. तुमचं टायपिंग बरोबर होतं. मी नको ते बोलले, माफ करा."

ते म्हणाले, "होतं असं, मॅडम." एवढंच.

साधन आता दोघांच्याही लॉगिनमधून नीट चालतं. पण त्या दिवसापासून चाचा कमांड लिहून झाली की थांबतात, माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "एन्टर मारू?" मी हो म्हणते. विचारायची गरज नाही, असं मी त्यांना कितीदा सांगितलं, तरी ते विचारतातच.