चढावर मी उतरलो नाही

भडगावच्या मंडळींनो, आज रंगूनमध्ये घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ट्राम खच्चून भरलेली, मोटार आपल्याला परवडत नाही. इथं राहणारा माझा मावसभाऊ दामू म्हणाला, रिक्षा करू. इथं रिक्षा माणूसच ओढतो. आमचा तर अगदी हाडकुळा होता.

पुलाचा चढ आला. सवयीनं मी उतरायला लागलो, तर दामूनं हात धरला. "बसी ऱ्हाय भाऊ, आठे कोनी उतरस नही."

इथं कुणीच उतरत नाही, मग लोक हसतील म्हणून मी बसलो. चढ संपला आणि तो माणूस रक्त ओकत कोसळला. पुन्हा उठला नाही.

गिरणेच्या पात्रातून दरड चढताना आपण बैलांसाठी गाडीतून उतरतो. आज माणूस जुंपलेला होता, तर मला उतरायची लाज वाटली. तुम्ही उतरला असता का? खरं सांगा.