रेणूने कुटलेला विडा

खरं सांगते, त्या वर्षी माहूरगडाच्या पायऱ्या चढताना मी रेणुकामातेवर रुसलेच होते. आमची रेणू विशीत आली, तरी तिला साधा चहा करता येत नव्हता. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही बौद्धिक अक्षमता आहे, रोग नव्हे. गोळीनं जायची नाही. मला त्यातलं ऐकू आलं ते एवढंच, की जायची नाही. माझ्यामागे पोरीचं कसं होणार, या घोरानं मी आधीच देवीला गळ घातली होती. रेणू शहाणी होईपर्यंत तुझ्या प्रसादाचा कुटलेला विडा तोंडात घालणार नाही, असं बोलून बसले होते. दरवर्षी मुखेडहून यायचं आणि विडा पदरात बांधून न्यायचा.

दर्शन झाल्यावर विड्याच्या दुकानापाशी टेकलो. रेणू खलबत्त्याकडे टक लावून बघत होती. दुकानदारीण म्हणाली, "कुटू द्या की तिला." मी लगेच सुरू झाले, "पान घे, देठ काढ, कात टाक, सुपारी टाक, सांडू नको!" रेणू गोंधळून रडायला लागली.

शेजारी निलंग्याच्या एक बाई आपल्या थोराड भावाला घेऊन बसल्या होत्या.

"ताई, किती एकदम सांगायलात! माझ्या भावाचं बी असंच हाय. समजायला येळ लागतो, पर समजतं. एका टायमाला एकच सांगा, करून दाखवा, अन् थांबा."

त्यांनी एका पानाचं देठ खुडून दाखवलं आणि गप्प बसल्या. मला धीर धरवेना. रेणूनं मात्र खुडलं! मग दुसरं, तिसरं. मग कात, मग सुपारी, मग बत्ता. कुटता कुटता विडा लालभडक झाला आणि ती ओरडली, "आय, म्या केलं!" पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

तिनं विडा माझ्यापुढे धरला. "खा की, आय."

नवस आठवला, पण हिचं शहाणं व्हायचं काय राहिलंय, असं वाटलं आणि मी तो विडा खाल्ला. बाईंचे आभार मानायला वळले, तर बहीणभाऊ गर्दीत दिसेनासे झाले होते. नावही विचारायचं राहिलं.

आता घरी रेणू चहा करते. वेळ लागतो, कधी साखर घालायची राहते. रेणुकामाते, मी दुसरीच पोर मागत होते, तू माझीच मला दाखवलीस. हल्ली गडावर गेलो की विडा रेणूच कुटते, आणि मी तिथंच पायरीवर बसून खाते.