आबांचा नंबर

जळगावच्या आमच्या ठिबकच्या कंपनीत एक जुना प्रोग्राम होता. शेताचं माप टाकलं की तो पाइपची आखणी करून द्यायचा. लिहिला होता आबांनी. आबा धुळ्याचे, माझे वरिष्ठ. ते गेले आणि वर्षभरात त्यांचं युनिक्सचं मशीनही शेवटच्या घटका मोजू लागलं. शेठजी म्हणाले, हे विंडोजवर आणा, दुकानदारांनाही विकू.

त्यासाठी मधे एक थर घालावा लागतो. प्रोग्राम युनिक्सला हाक मारतो, ओ विंडोज देतं, आणि घर बदललंय हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही. असे दोन थर माझ्यासमोर होते. फुकटच्या थराची अट अशी, की प्रोग्राम ज्याला द्याल त्याने मागितलं तर मूळ लिखाणही, म्हणजे सोर्स कोडही, द्यायचं. शिवाय तो रखडत चालायचा, कारण चालू प्रोग्रामची दुसरी प्रत उभी करणं युनिक्सला सोपं, विंडोजला नाही, आणि आबांचा प्रोग्राम पदोपदी तेच करायचा. विकतच्या थरात लिखाण झाकून ठेवता येत होतं. मी रखडण्याचं कारण पुढे करून विकतचा घेतला, शेठजी खूश. खरं तर लिखाण लोकांना द्यायचं तर आधी ते वाचावं लागलं असतं, आणि मला आबांचं लिखाण वाचायचाच कंटाळा होता.

जुन्या फायली आबांच्याच वापरकर्ता नंबराला उघडत, म्हणून तो नंबर मी स्वतःला घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, भर उजेडात, आखणी थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत अहिराणी उमटली: 'आबा, गोयी लिधी का? हो / नही.' शेजारी सगळे डबा खात होते. मी गुपचूप 'हो' दाबलं, आणि तेव्हापासून रोज एकला गेलेल्या माणसाची गोळी घेऊ लागलो.

आबांच्या मुलीचं धुळ्यात पाइपचं दुकान. तिने आमचा प्रोग्राम घेतला आणि मला फोन केला. आबांच्या आजारपणात गोळीच्या त्या ओळी तिनेच त्यांच्या नकळत घातल्या होत्या. आबा त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. प्रश्न फक्त आबांच्या वापरकर्ता नंबराला यायचा; तिचा नंबर वेगळा, त्यामुळे तिच्याकडे तो उमटत नव्हता. "भाऊ, आबानी त्या काढी टाक्यात का?" तिने विचारलं. मूळ लिखाण दाखवा, म्हणाली. लिखाण बाहेर दाखवायचं नाही, ही शेठजींची अट मी सांगितली. ते झाकायची सोय मीच निवडली होती, याची फार लाज वाटली.

लिखाण दाखवायला मनाई होती, पडदा वाचायला नव्हती. दुसऱ्या दिवशी एकला मीच फोन लावला आणि प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, आज 'नही' दाबा. त्यापुढे तिने 'मंग आत्ते ल्या' एवढंच लिहिलं होतं.

मी दाबलं. 'मंग आत्ते ल्या' आलं. जरा थांबून खाली आणखी एक ओळ आली: 'लेस ना, माय. तू जेवनी का? हो / नही.'

मी वाचून दाखवली. घेतो म्हणणारा उलट तिलाच जेवणाचं विचारत होता. "हाई मी नही लिखेल," ती म्हणाली.

काय दाबू, मी विचारलं.

"नही दाबा, भाऊ. मी आज जेवेल नही."