धुतलेला फुटबॉल

अकोल्यात जठारपेठेच्या आमच्या व्यायामशाळेचे एक सेक्रेटरी होते. प्रत्येक वाक्यामागे 'समजलं ना भाऊ?' म्हणायची खोड. सरकारी अनुदान सगळ्या मुलांसाठी यायचं, पण बौद्ध वस्तीतली पोरं कुंपणाबाहेर उभी. मी भांडलो की म्हणायचे, "मी कोनाले नाई म्हनून राहिलो काय? थे पोट्टेच येत नाईत. समजलं ना भाऊ?"

अनुदानाचे तपासनीस येणार त्या दिवशी मात्र तीच पोरं बोलावून आणली. पोरं जीव तोडून खेळली, साहेब खूश झाले. त्यांची जीप वळताच सेक्रेटरींनी पोरांना फाटकाबाहेर हाकललं आणि फुटबॉल विहिरीवर नेऊन भरल्या बादलीत बुडवून ठेवला. पोरं कुंपणाआडून बघत होती.

"अहो, चामडं सडन ना!" मी ओरडलो.

"सडू द्या. बाटला हाये तो."

मेलेल्या जनावराच्या कातड्याचा ह्या माणसाला विटाळ नव्हता, पोरांच्या पायांचा होता!

फुटबॉल सडला, शिवण उसवली. लगेच नव्यासाठी अनुदानाचा अर्ज गेला. कारण काय दिलं, म्हणून मी विचारलं.

"थ्या पोट्ट्याइनं फोडला म्हनून. समजलं ना भाऊ?"