अर्धं राज्य होडीत

केझाया पेरीगोला नदीकाठावर कुणी कधी चांगलं म्हटलं नाही, आणि तिच्यावाचून कुणाचं पानही हललं नाही. सस्क्वेहाना नदीवरची होडी नवऱ्यामागे तिनेच चालवली. तोंड फाटकं, तळहातांना घट्टे, आणि कान असे तयार की पाय ठेवण्याआधी नुसती काठी आपटून ती सांगे, हा बर्फ धरेल, हा दगा देईल. भर नदीत स्तोत्र म्हणायला लागलेल्या पाद्रीबुवांना तिने एकदा "तोंड मिटा आणि दोर ओढा" असं सुनावलं होतं. बुवांनी मुकाट्याने दोर ओढला, कारण हिवाळ्यातल्या होडीचा कायदाच तसा होता.

नदी अर्धवट गोठली की वल्हं चालत नाही आणि माणसालाही चालवत नाही. अशा वेळी तळाला लोखंडी पट्ट्या ठोकलेली होडी बर्फावरून ओढत न्यायची. होडीत फक्त सामान. माणसं तिच्या दोन्ही अंगांनी चालणार, एक हात होडीच्या काठावर आणि एक दोरावर. पायाखाली कडाडलं की उडी मारून आत. आणि वाटेत बोलणार एकच जण, बाकीच्यांनी ऐकायचं. थांब म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. बर्फावर चर्चा करणारे वसंतात खाडीच्या तोंडाशी सापडतात, असं केझाया म्हणे.

त्या जानेवारीत इंग्रजांच्या राजाशी चाललेली लढाई थांबून बरेच महिने झाले होते. इंग्रजांची गलबतंसुद्धा न्यूयॉर्कहून निघून गेली होती. काठावरची माणसं समजून चालली होती की सगळं आटोपलं. केझायाही तशीच निर्धास्त होती, आणि त्याच निर्धास्तपणात एका सकाळी एक घसरगाडी तिच्या दारात थांबली. गाडीवानाने गोधड्यांचं एक गाठोडं उतरवलं. त्या गाठोड्याला खोकला होता.

"हे टटलसाहेब," गाडीवान म्हणाला. "उत्तरेकडून आलेत. काँग्रेसचे, म्हणजे आपल्या तेरा राज्यांच्या सरकारचे, सभासद."

केझायाने हातातला मक्याच्या भाकरीचा तवा खाली ठेवला. राजाला हाकलून देणारं सरकार म्हणजे केवढं तरी असेल, असं तिच्या मनात होतं. आणि इथे या माणसाला स्वतःच्या गळपट्ट्याची गाठ सुटत नव्हती. शेवटी तिच्या धाकट्या मुलाने, लेव्हिनने, ती सोडवली.

"बाई, मला आज पलीकडे जायचंय," टटल म्हणाला. "तिथून अ‍ॅनापोलिसला. काँग्रेस सध्या तिथे भरलीय."

"बर्फ कुजलाय. आज होडी निघायची नाही."

"जावंच लागेल हो."

"तुम्ही सरकार ना? मग हुकूम सोडा की!"

टटलला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. "आम्हाला हुकूम सोडता येत नाही, बाई. आम्ही विनंती करतो."

"आणि कुणी नाही ऐकलं तर?"

"तर पुन्हा विनंती करतो."

लेव्हिन फिसकन हसला. आईने डोळे वटारले तसा तो चुलीत लाकूड सारायला वळला.

टटलने गरम सफरचंदाची दारू घोट घोट घेत सगळं सांगितलं. सैन्य हवं तर राज्यांकडे मागायचं, पैसा हवा तर राज्यांकडे मागायचा. जो तो म्हणणार, आधी शेजाऱ्याने द्यावा, मग बघू. गेल्या उन्हाळ्यात पगार थकलेले आपलेच शिपाई बंदुका घेऊन काँग्रेसच्या दारात उभे राहिले होते. त्यांना हटवायला शिपाई मागितले, तर ज्या राज्यात बसलो होतो ते म्हणालं, आमच्याच्याने व्हायचं नाही.

"मग काय केलंत?"

"गाव सोडलं. तेव्हापासून आमचं बिऱ्हाड पाठीवर आहे."

"अगंबाई! सरकारच पळालं?"

"पळालं."

बारभाईंची शेती, काय लागेल हाती, म्हणतात. इथे तर भाऊ तेरा होते, आणि प्रत्येकाचं कुंपण वेगळं.

"असलं मुकं सरकार बनवलंत तरी कशाला?" केझाया चिडून म्हणाली.

"राजाच्या एका आवाजाला आम्ही इतके भ्यायलो होतो, बाई, की नव्या सरकारला गळाच ठेवला नाही." टटलने पेला खाली ठेवला. "आता ऐका. इंग्रजांशी तहाचा कागद समुद्रापार सही होऊन आलाय. आपल्या बाजूने तो मान्य करायला नऊ राज्यं हवीत. सात कधीची बसून आहेत, आठवं दुसऱ्या वाटेने येतंय. नववं आमचं. पण एका राज्याची दोन माणसं हजर असल्याशिवाय ते मोजत नाहीत. आमचा एक तिथे बसलाय. थोडक्यात, मी म्हणजे अर्धं राज्य."

"आणि तेही आजारी," लेव्हिन चुलीजवळून म्हणाला.

"आजारीच. मार्चच्या आत कागद समुद्रापार पोचला नाही, तर त्यांना शब्द फिरवायला निमित्त मिळेल. मग पुन्हा तोफा निघणार नाहीत असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

केझायाचा थोरला मुलगा जोथम लढाईत पकडला गेला आणि न्यूयॉर्कच्या बंदरातल्या कैद्यांच्या जहाजावर मेला. ती बातमीसुद्धा त्याच्या एका सोबत्याने आणली होती. तेव्हा लेव्हिन लहान होता म्हणून वाचला. आता त्याच्या खांद्यावर बंदूक बरोब्बर बसली असती. पुन्हा लढाई लागली तर या दारात पहिली मागणी त्याचीच येणार होती. आणि ती टाळायला या अर्ध्या राज्याला पलीकडे न्यायचं, तर पुढचा दोर ओढायला दुसरा माणूस हवा. घरात दुसरा माणूस लेव्हिनच होता. इकडे आड, तिकडे विहीर. तिला इतका संताप आला की तिने तवा उगाचच घासायला घेतला.

"आई," लेव्हिन हळूच म्हणाला, "मी दोर आणू?"

"माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाहीये," ती तव्याकडे बघत म्हणाली.

"नाहीये, बाई," टटल म्हणाला. "कुणाचीच नाही."

तिने तवा आपटला आणि शाल कमरेला गुंडाळली.

टटलला चालवणं शक्यच नव्हतं. केझायाच्या होडीत त्या दिवशी पहिल्यांदा सामानाच्या जागी माणूस निजला. लेव्हिन पुढच्या दोरावर, केझाया मागे डाव्या अंगाला. सूर्य वर आला होता, पण त्याला ऊब नव्हती. नदी एवढी रुंद की पलीकडच्या खानावळीचा धूर तेवढा दिसत होता. बर्फाखालून पाणी गुरगुरत जात होतं आणि ते पायांना कळत होतं. त्या नदीवर जन्म काढलेल्या केझायाच्याही अंगावर दरवेळी तिथे काटा येई. माणसाच्या पायाखाली एवढं मोठं काहीतरी चाललेलं असतं आणि त्याला माणसाची खबरही नसते, याचं तिला नवल वाटे.

"उजवीकडे," ती म्हणे, आणि होडी उजवीकडे जाई. "थांब." होडी थांबे. काठी आपटून ती ऐके. "चल."

मध्याच्या थोडं पुढे गेल्यावर तिने थांब म्हणायला तोंड उघडलं आणि त्याआधीच बर्फ फाटला. लेव्हिन छातीपर्यंत आत गेला. त्याच्या हातात दोर होता, दोर होडीला बांधलेला, आणि त्याच्या वजनाने होडी भोकाकडे घसरू लागली. होडी अंगावर आली असती तर तो तिच्याखाली गेला असता. केझायाने मागचा काठ धरून अंग मागे टाकलं, पण तिचे पाय निसटत होते.

"साहेब, बाहेर! मागून!"

त्या आजारी माणसाने का म्हणून विचारलं नाही. तो मागच्या काठावरून गोधडीसकट बर्फावर पडला, बर्फाच्या एका उंचवट्याला त्याने दोन्ही टाचा लावल्या आणि मागचा दोर पोटाशी धरला. होडी थांबली. केझाया पोटावर सरपटत पुढे गेली. तिने लेव्हिनची कॉलर धरली, मग काख, मग कमरेचा पट्टा, आणि त्याला बाहेर ओढला. तो निळा पडला होता. दात वाजत होते, म्हणजे जिवंत होता.

तिने मागे वळून पाहिलं. टटल अजून तसाच दोर धरून पडला होता. हाताची साल गेली होती आणि डोळे मिटलेले होते.

"सोडा आता, साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ झालेला लेव्हिनने कधी ऐकला नव्हता.

टटलने दोर सोडला. "कुणीतरी एकदा हुकूम सोडला आणि तो पाळला गेला," तो पुटपुटला. "बरं वाटलं, बाई."

पलीकडच्या खानावळीत लेव्हिनला शेकोटीपुढे ठेवून ती बाहेर येईतो टटलची गाडी निघून गेलीसुद्धा होती. आभार मानायचे राहिले. कुणी कुणाचे मानायचे, हेही तिला नीट कळेना.

लेव्हिनला ताप चढला आणि चार-पाच दिवसांनी उतरला. तोवर तिने देवाला, काँग्रेसला आणि स्वतःला सारख्याच शिव्या दिल्या. तो उठून खारवलेला मासा मागायला लागला त्याच आठवड्यात पलीकडच्या होडीवाल्याने एक स्वार अलीकडे आणून सोडला. स्वार शेकोटीशी आला आणि गाल चोळत म्हणाला, "नऊ झाली, मावशी! तह पक्का झाला. मी तोच कागद घेऊन न्यूयॉर्कला चाललोय, जहाजावर चढवायला."

"टटलसाहेब पोचले?"

"खुर्चीसकट उचलून आत आणलं त्यांना. राज्याचं नाव पुकारलं तर आवाज फुटेना. 'हो' म्हणाले ते शेजारच्यालाच ऐकू गेलं. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्या खेपेला सगळ्यांना ऐकू आलं." स्वार हसला. "आणि लगेच निम्मे लोक घरी जायच्या गोष्टी करू लागले."

पुढे काही वर्षांनी त्या तेरा भावांनी नाइलाजाने जरा मोठ्या आवाजाचं सरकार उभं केलं, ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी केझाया थक्क होऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या तोफा, जळलेली गावं, बंदरातली ती जहाजं, आणि हे सगळं मिटलं ते धड ऐकूही न आलेल्या एका होकाराने. कुणाला कसला हुकूम सोडण्याची ताकद नसलेल्या माणसांनी हे केलं होतं.

"कुठंय तो कागद?" तिने विचारलं.

स्वाराने कोटाच्या आत, छातीशी बांधलेली चामड्याची पिशवी दाखवली.

"हात लावू?"

तो बिचकला. "उघडता येणार नाही, मावशी."

"उघडायला कोण सांगतंय? मला वाचता कुठे येतं."

तिने झग्याला हात पुसला आणि तळवा पिशवीवर ठेवला. स्वाराच्या अंगाने चामडं गरम झालं होतं. जोथमला तिने शेवटचं पाहिलंही नव्हतं. त्याचे डोळे मिटायला, त्याला न्हाऊ घालायला तिचे हात पोचले नव्हते. ती पिशवीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. स्वाराला घाई होती, पण तो हलला नाही.

"संपलं रे, बाळा," ती म्हणाली.

"काय संपलं, आई?" लेव्हिनने चुलीजवळून विचारलं.

ती त्याच्याशी बोलत नव्हती.